मोजदाद आणि गाऱ्हाणे

समाजाचा अभ्यास कोणत्या मार्गाने करावा, यावर विद्यापीठांतून आणि संशोधन संस्थांतून एक जुना वाद चालत आलेला आहे. एक पक्ष म्हणतो, जे मोजता येत नाही ते शास्त्र नव्हे. नमुना निवडावा, प्रश्नावली भरून घ्यावी, कोष्टके मांडावीत आणि त्यांतून निघेल तेवढेच खरे मानावे. दुसरा पक्ष म्हणतो, माणसाचे जगणे कोष्टकात मावत नाही. त्याच्या ओसरीवर बसावे, त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत ऐकावे आणि त्या जगण्याचा अर्थ लावावा. पहिल्या पद्धतीला संख्यात्मक आणि दुसरीला गुणात्मक अशी नावे रूढ आहेत. दोन्ही पक्षांची परिभाषा वेगळी, नियतकालिके वेगळी आणि एकमेकांविषयीची तुच्छताही ज्याची त्याला पुरेशी आहे.

हा वाद केवळ पंडितांचा असता, तर त्याकडे काणाडोळा करून भागले असते. परंतु शासन आपल्या योजना पाहण्यांतून निघालेल्या आकड्यांवर आखते. आकडा चुकला की त्याची किंमत पंडिताला मोजावी लागत नाही. ती मोजतो तो लाभार्थींच्या यादीतून गळलेला मजूर आणि जिच्या श्रमाची नोंदच झाली नाही ती बाई. तसेच एखाद्या वस्तीचे दुःख कितीही खरे असले, तरी 'असे किती?' या सरकारी प्रश्नाला उत्तर नसेल, तर ते दुःख अर्जाच्या गठ्ठ्यात पडून राहते. ऐकल्यावाचून केलेली मोजदाद आंधळी ठरते आणि मोजल्यावाचून राहिलेले गाऱ्हाणे दुबळे ठरते. या दोहोंची सांगड घालणे हा म्हणूनच लोकशाहीच्या व्यवहाराचा प्रश्न आहे.

ही सांगड कोठून बाहेरून आणावयाची आहे असेही नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. एन. व्ही. कानिटकर यांच्या सहकार्याने त्यांनी केलेली जातेगाव बुद्रुकची पाहणी १९२१ साली बाहेर आली. जमिनीचे तुकडे, मातीचा कस, विहिरी, पीक, कर्ज यांची काटेकोर मोजणी या पाहण्यांत आहे. पण गावातील कुटुंबे भागवून घेऊ शकतात की नाही हे ठरविताना मान यांनी विलायतेतील मोजपट्टी गावाला लावली नाही. गावकरी स्वतः ज्याला किमान राहणी म्हणतात, तीच कसोटी त्यांनी धरली आणि तिच्यावर प्रत्येक कुटुंबाचे उत्पन्न घासून पाहिले. गावातील बहुसंख्य कुटुंबे आपल्याच मानाने जगू शकत नाहीत, असा निष्कर्ष त्यातून निघाला. येथे कसोटी लोकांच्या तोंडून आली आणि आकडा मोजणीतून आला. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत बुडून गेले आहे. पण ही पद्धत जुनी झालेली नाही.

मोजणीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रा. महालनोबीस यांच्या पुढाकाराने १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तेव्हा एवढ्या मोठ्या आणि गरीब देशात घरोघरच्या खर्चाचा हिशेब शास्त्रशुद्ध रीतीने गोळा करण्याचा पायंडा पडला. त्या हिशेबाच्या आधारे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली 'भारतातील दारिद्र्य' हे आपले विवेचन मांडले. माणसी रोज २२५० उष्मांक मिळण्यापुरता खर्चही ज्यांना झेपत नाही असे लोक १९६०–६१ साली ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरांत जवळजवळ ५० टक्के होते, असे त्यांनी दाखवून दिले. गरिबी आहे हे सर्वांना ठाऊक होते, परंतु 'किती?' याचे उत्तर मिळाल्यावर पळवाटा कमी झाल्या. विकासाची फळे आपोआप खालपर्यंत झिरपतील असे म्हणणाऱ्यांना त्या आकड्याला सामोरे जाणे भाग पडले. करुणेच्या शंभर लेखांनी जे साधले नसते ते एका टक्केवारीने साधले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

मग मोजदाद आंधळी होते ती कोठे? ती होते प्रश्न विचारण्याच्या क्षणी. आकडा आकाशातून पडत नाही. कोणीतरी कोणाला तरी एक प्रश्न विचारतो आणि त्याच्या उत्तरातून आकडा जन्माला येतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण स्त्रियांच्या श्रमाच्या मोजणीत सापडते. १९६१ च्या जनगणनेत काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या सहा कोटींच्या जवळपास होती. १९७१ च्या जनगणनेत ती तीन कोटींच्या थोडी पुढे भरली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली, शेती वाढली, आणि काम करणाऱ्या बायका मात्र निम्म्यावर आल्या! त्या अशा गेल्या तरी कोठे?

त्या कोठेही गेल्या नव्हत्या. त्यांना विचारलेला प्रश्न बदलला होता. १९६१ साली शेतीसारख्या हंगामी कामात हंगामाचा बराचसा काळ रोज तासाभराहून अधिक नियमित काम करणारी व्यक्ती कामगार धरली गेली होती. १९७१ साली प्रत्येकाचा मुख्य व्यवसाय कोणता, असे विचारण्यात आले. स्वयंपाक, मुले, पाणी आणि सरपण सांभाळून निंदणी-खुरपणी करणारी, गुरांचे शेण काढणारी, धारा काढणारी बाई 'मुख्यतः' काय करते? घरचा पुरुष सांगतो, "काही नाही, घरीच असते." पुष्कळदा ती स्वतःही तेच सांगते, कारण ज्या कामाचा पैसा हातात येत नाही त्याला काम म्हणण्याची रीतच नाही. प्रगणकाने प्रामाणिकपणे रकान्यात तसे लिहिले आणि कोट्यवधी स्त्रियांचे श्रम एका शब्दाने पुसले गेले. बेरजेत चूक नव्हती, प्रगणकही खोटे बोलला नव्हता. चूक प्रश्नात होती, आणि ती कोष्टकाकडे कितीही वेळ पाहून सापडली नसती.

भारतातील स्त्रियांच्या दर्जाविषयी नेमलेल्या समितीने १९७४ च्या अखेरीस 'समतेकडे' हा आपला अहवाल सादर केला, तेव्हा स्त्रियांच्या घटत्या रोजगाराचा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी राजस्थान आणि पश्चिम बंगालमधील खेड्यांत वेगळा मार्ग धरला. 'तुम्ही काम करता का?' असे विचारून थांबण्याऐवजी त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातील माणसे दिवसाच्या कोणत्या वेळी काय करीत आहेत हे गावात राहून पाहिले आणि तासांचा हिशेब मांडला. सरकारी व्याख्येने 'काम न करणाऱ्या' ठरलेल्या अनेक स्त्रिया दिवसाचे कित्येक तास उत्पादक काम करताना आढळल्या. ही पद्धत गुणात्मक म्हणावी की संख्यात्मक? डोळ्यांनी पाहिलेले जगणे तिने तासांत मोजले. दोन पद्धतींची खरी सांगड कशी असते त्याचा हा नमुना होय.

या धडपडीचे फळ मिळाले, पण उशिरा. १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात शेतावरचे किंवा घरच्या धंद्यातले बिनमोबदल्याचे कामही धरावे, असे शब्द घातले गेले. १९९८–९९ साली सहा राज्यांत वेळेच्या वापराची पहिली मोठी पाहणी झाली आणि देशव्यापी पाहणीसाठी २०१९ साल उजाडावे लागले. २०२४ च्या पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या व्यक्तींपैकी स्त्रियांचा त्या कामात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, तर पुरुषांचा ८८ मिनिटे. 'काही नाही, घरीच असते' या वाक्याचे वजन पाच तासांच्या जवळपास भरते, हे सांगणारा आकडा अखेर देशापुढे आला. तो आला, कारण कोणीतरी आधी ते वाक्य ऐकून त्यावर विश्वास ठेवण्याचे नाकारले होते.

तरीही प्रश्न मिटलेला नाही. नियतकालिक श्रमबल पाहणीप्रमाणे पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७–१८ साली २३.३ टक्के होता, तो २०२३–२४ साली ४१.७ टक्क्यांवर गेला. या वाढीचा सरकार गौरव करते. पण काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत, हेही तीच पाहणी सांगते. स्त्रियांना नव्या संधी मिळाल्या म्हणून ही वाढ झाली, की पुरुषाची कमाई आटल्यामुळे बाईला घरच्या टपरीवर उभे राहावे लागले? की जे काम ती पूर्वीही करीत होती ते आता प्रथमच नोंदले जाऊ लागले? तीनही शक्यता एकाच टक्केवारीत बसतात. कोणती किती खरी, हे टक्केवारी सांगू शकत नाही. त्यासाठी त्या बाईशी बोलावे लागेल. वाढीचा उत्सव करणारे आणि वाढ खोटी म्हणणारे, दोघेही तिच्याशी न बोलताच भांडत आहेत.

कधी मोजदाद आणि लोकांचे म्हणणे एकमेकांना सरळ छेद देतात. अशा वेळी काय करावे, याचे उत्तर अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी १९८८ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये लिहिलेल्या लेखात मिळते. राजस्थानातील दोन गावांची त्यांनी १९६३–६६ मध्ये पाहणी केली होती. १९८२–८४ मध्ये ते पुन्हा तेथे गेले. काही कुटुंबांचे दरडोई खरे उत्पन्न या काळात पाच टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यांच्या हिशेबात आले. पद्धतीप्रमाणे ही कुटुंबे अधिक गरीब झाली, असे लिहून त्यांना वही मिटता आली असती. त्यांनी ती मिटली नाही. बरे दिवस आणि वाईट दिवस तुम्ही कशावरून ओळखता, असे त्यांनी लोकांनाच विचारले. त्यातून ३८ कसोट्या निघाल्या आणि त्यांपैकी ३७ कसोट्यांवर ती 'अधिक गरीब' झालेली कुटुंबे पूर्वीपेक्षा बऱ्या स्थितीत असल्याचे दिसून आले.

कसोट्या कोणत्या होत्या हे पाहण्यासारखे आहे. धन्याच्या जागेत वा वाड्याच्या अंगणात राहणारी कुटुंबे पूर्वी ३१ टक्के होती. आता एकही नव्हते. घरचे कोणी सालदारासारखे बांधील मजूर असलेली कुटुंबे ३७ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आली होती. उन्हाळ्याच्या टंचाईत मोठ्या माणसांनी तिसरे जेवण सोडण्याची वेळ ८६ टक्के घरांवर येत असे. ती २० टक्क्यांवर आली होती. ज्या घरांत बायकामुलांच्या पायात वहाण असते अशी घरे शून्यावरून ८६ टक्क्यांवर गेली होती. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात वाकून उभे राहावे लागले, त्याच्या हिशेबात न वाकण्याची किंमत रुपयांत मांडलेली नसते. पण ती असते, आणि तीसुद्धा मोजता येते. जोधांनी ती मोजून दाखविली.

येथे सावध राहिले पाहिजे. हा अभ्यास हाती घेऊन 'पाहा, गरीब सुखी आहेत, उत्पन्नाचे काय घेऊन बसलात' असे म्हणणारे निघतील. तसे म्हणणे म्हणजे जोधांचा अर्धाच लेख वाचणे होय. उत्पन्न घटले हेही खरेच होते. शिवाय दोन गावे म्हणजे सारा देश नव्हे. एका पद्धतीने दुसरीला खोटे पाडावे, असा या अभ्यासाचा बोध नाही. दोहोंचे उत्तर जुळत नाही तेथेच खरा प्रश्न दडलेला असतो आणि संशोधकाने तेथे थांबून खणले पाहिजे, हा तो बोध आहे. उत्पन्न वाढविण्याचे धोरण आणि माणसाला धन्याच्या ओझ्याखालून सोडविण्याचे धोरण ही दोन निरनिराळी धोरणे आहेत आणि गरिबाला दोन्हींची गरज आहे, हे त्या खणण्यातून कळते.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर या साऱ्याची कसोटी बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या प्रश्नात लागली. ऊसतोडीच्या व्यवहारात नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. तोडीचा हिशेब होतो तो कोयत्याचा. बाई पहाटेपासून फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढविते आणि कोपीवर परतून चूल पेटविते. परंतु हिशेबाच्या वहीत ती निराळी माणूसच नसते. एका दिवसाचा खाडा झाला की दंड कोयत्यावर बसतो. पाळीच्या दिवसांत किंवा दुखण्यात विसावा घेणे म्हणूनच परवडत नाही. फडाजवळच्या वस्तीत ना न्हाणी, ना संडास, ना पुरेसे पाणी.

या जिल्ह्यातील गावागावांत तरुण वयातच 'पिशवी काढलेल्या' बायका आढळतात, ही गोष्ट तेथे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना ठाऊक होती. २०१९ साली वृत्तपत्रांतून ती सर्वदूर पोचली. तोवर ती मोठ्या पाहण्यांत ठळकपणे का दिसली नव्हती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने हा प्रश्न विचारलाच नव्हता असे नाही. २०१५–१६ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ३.२ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे तिने नोंदविले होते. पण देशाची आणि राज्याची सरासरी एका धंद्यातल्या बायकांचे दुखणे आपल्या पोटात सहज लपवू शकते. ऊसतोड कामगार अशी स्वतंत्र ओळ कोष्टकात नसेल, तर तिच्या वाट्याचा आकडाही निघत नाही. शिवाय हंगामात गावी गेलेल्या पाहणीवाल्याला या घरांच्या दारांना कुलूपच दिसणार.

बोभाटा झाल्यावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे सुमारे १७ टक्के. दर सहा बायकांत एक. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नसले, तरी ३ आणि १७ यांतील अंतर डोळ्याआड करण्याजोगे नाही. तोवर 'एखाददुसरी घटना' म्हणून झटकली जाऊ शकणारी गोष्ट या आकड्यामुळे झटकता येईनाशी झाली. गाऱ्हाण्याला मोजदादीने बळ दिले ते असे.

पण आकड्यापाशीच थांबले असते तर उपाय कोणता निघाला असता? खाजगी डॉक्टरांना आवरा, एवढाच. जिल्ह्यात शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा दंडक घालण्यात आला. तो योग्यच होता, कारण कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया गळ्यात मारल्याच्या तक्रारी बायकांनी केल्या होत्या. तथापि त्याच बायका आणखीही काही सांगत होत्या. लहान वयात झालेले लग्न आणि बाळंतपणे, फडावरचे ओझे, पाण्यावाचून होणारा जंतुसंसर्ग, खाड्याचा दंड आणि फेडावयाची उचल हा सारा फास त्यांच्या बोलण्यातून उलगडत होता. डॉक्टर हा त्या फासाचा शेवटचा पदर होता. परवानगीच्या कागदाने शस्त्रक्रियांची संख्या कदाचित उतरेल. पण कोयत्याचा हिशेब तसाच राहिला तर दुखणे अंगावर काढीत ऊस तोडणारी बाई तशीच राहील, आणि घटलेला आकडा यश म्हणून मिरविला जाईल. 'किती' कळले की शासन हलते. 'का' कळले तरच ते योग्य दिशेने हलते.

आणखी एक लहानशी गोष्ट. 'गर्भाशय निर्मूलन शस्त्रक्रिया झाली आहे काय?' असे छापील मराठीत विचारले, तर फडातल्या बाईला ते कळेलच असे नाही. 'पिशवी काढली का?' हे तिला तात्काळ कळते. हा शब्द प्रश्नावलीत यावयाचा, तर तो ज्यांच्या तोंडी आहे त्यांच्यात कोणीतरी आधी जाऊन बसलेले असले पाहिजे. सांगड प्रश्नाच्या पहिल्या शब्दापासून सुरू होते ती अशी.

यावरून संशोधनातील सांगड म्हणजे काय नव्हे हेही ध्यानात यावे. कोष्टकांचा शंभर पानी अहवाल तयार करावयाचा आणि मधूनमधून चौकटीत चार दुःखी बायकांच्या हकिकती चिकटवावयाच्या, याला सांगड म्हणत नाहीत. ती सजावट झाली. तसेच पंधरा मुलाखती घ्यावयाच्या आणि 'बहुतेकांना असे वाटते' असे ठोकून द्यावयाचे, हीही सांगड नव्हे. मोजणीचा तो बहाणा आहे. लोकांच्या बोलण्यातून प्रश्न आणि त्याचे शब्द घडवावेत. नीट निवडलेल्या नमुन्यावर त्यांची मोजदाद करावी. जे आकडे अनपेक्षित निघतील ते घेऊन पुन्हा त्याच लोकांकडे जावे. आणि दोहोंत विसंगती निघाली तर ती झाकून न ठेवता अहवालात मांडावी. या फेऱ्यांतून गेलेल्या अभ्यासालाच संयुक्त पद्धतीचा अभ्यास म्हणता येईल.

देशापुढे याहून मोठी परीक्षा उभी आहे. २०२१ साली व्हावयाची जनगणना लांबत गेली. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने तिच्यात सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि पुढे १ मार्च २०२७ हा संदर्भदिन मुक्रर केला. सर्व जातींची मोजदाद १९३१ नंतर जनगणनेत झालेली नाही. ही मोजदाद समतेच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे. ज्याची संख्या ठाऊक नाही त्याच्या वाट्याचा हिशेब मागता येत नाही. परंतु ती कशी होणार हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

२०११ साली सुरू झालेल्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणीचा अनुभव डोळ्यांपुढे असू द्यावा. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ च्या पाहणीत जातींची नावे ४६ लाखांहून अधिक भरली! महाराष्ट्रात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्या अधिकृत याद्यांत ४९४ जाती असताना पाहणीत ४,२८,६७७ नावे निघाली, असे केंद्र सरकारनेच २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे शपथपत्रात सांगितले. कोणी जातीऐवजी आडनाव सांगितले, कोणी कूळ, कोणी पोटजात. एकच नाव प्रगणकांनी निरनिराळ्या प्रकारे लिहिले. मोकळा रकाना ठेवला आणि त्यात काय येऊ शकते याचा गावोगाव आधी कानोसा घेतला नाही, त्याचे हे फळ. याच शपथपत्रामुळे राज्याच्या हाती ती माहिती पडली नाही आणि इतर मागासवर्गाच्या राजकीय आरक्षणाचा प्रश्न अधिकच अडला.

याउलट २०२३ च्या बिहारच्या पाहणीत जातींची आधीच यादी करून प्रत्येकीला क्रमांक देण्यात आला. त्यामुळे गोंधळ टळला; पण तृतीयपंथी व्यक्तींना जातींच्या यादीत एक क्रमांक देण्यात आला आणि लिंगभावाची ओळख ही जात कशी, असा रास्त आक्षेप त्यांच्याकडून आला. मोकळा रकाना असो वा बंद यादी, लोक स्वतःला काय म्हणवितात हे आधी ऐकले नसेल तर दोन्ही मार्ग फसतात. भटक्या-विमुक्तांचे उदाहरण घ्यावे. एकच समाज एका जिल्ह्यात एका नावाने आणि दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या नावाने ओळखला जातो. पोलिसांच्या धाकाने कित्येक कुटुंबे खरे नाव सांगण्यास कचरतात. अशा समाजांची संख्या कमी भरली, तर ती कायमची कमी धरली जाईल. प्रगणक दारात येण्यापूर्वी त्या त्या समाजातील जाणत्या माणसांबरोबर बसून नावांची छाननी करणे, चाचणी गणनेत सापडलेल्या चुका जाहीर करणे आणि प्रगणकाला शब्दांचे शिक्षण देणे एवढे तरी शासनाकडून घडले पाहिजे.

यावर नेहमीचा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा असतो. पण ४६ लाख नावांचा निरुपयोगी ढीग गोळा करण्यास खर्च आला नाही काय? आकडे गोळा करण्याचे काम ज्यांच्या खांद्यावर पडते त्या शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि कंत्राटी प्रगणकांना पुरेसा मोबदला आणि पुरेसा वेळ देणे हा या खर्चाचाच भाग आहे. दिवसाकाठी ठरावीक फॉर्म भरून देण्याची सक्ती असलेला माणूस ओसरीवर बसून ऐकणार कसा? पाहणीची गुणवत्ता शेवटी तिच्यातील सर्वांत खालच्या कामगाराच्या स्थितीवर अवलंबून असते, हे सत्य संशोधनाच्या पाठ्यपुस्तकांतून क्वचितच वाचावयास मिळते.

पाहणीचे निष्कर्ष जेथून आले तेथे परत गेले पाहिजेत, हेही तितकेच अगत्याचे आहे. ज्या गावाने आपले कर्ज, आपली भूक आणि आपले दुखणे सांगितले, त्याला त्याचे काय झाले हे कळण्याचा हक्क आहे. ग्रामसभेत अहवाल वाचून दाखविला, तर चुका दुरुस्त करणारे पहिले परीक्षक तेथेच भेटतील.

शेवटी शासन आणि विद्यापीठे यांच्याकडे बोट दाखवून परिवर्तनवादी चळवळींची सुटका होत नाही. कामगार संघटना, स्त्रीसंघटना, भूमिहीनांच्या आणि धरणग्रस्तांच्या समित्या यांच्यापाशी गाऱ्हाण्यांचा अमाप साठा असतो. त्याची मोजदाद मात्र क्वचितच ठेवलेली असते. मोर्चात 'हजारो' म्हणून भागते. न्यायालयात आणि विधिमंडळात भागत नाही. आपल्या तालुक्यात किती कोयते बाहेर पडले, किती बायकांनी दुखणे अंगावर काढले, किती जणांच्या उचलीचा हिशेब चुकता झाला नाही, याची साधी वही ठेवणे कोणत्याही कार्यकर्त्याला अशक्य नाही. सरकारच्या आकड्यावर अविश्वास दाखविणाऱ्याने स्वतःचा आकडा तयार ठेवला पाहिजे आणि तो कसा काढला हे सांगण्याची तयारीही ठेवली पाहिजे. या हंगामाला कोयते बाहेर पडतील तेव्हा त्या वहीत नवराबायकोची नावे निरनिराळ्या ओळींवर लिहिली जावीत. प्रारंभ एवढ्यापासून करता येईल.